मुलींना न झेपणारा फ्लोअर

आमच्या घरात जमिनीबद्दल फार बोललं जाई. शेतजमिनीबद्दल नाही, ती गावाला भावकीत अडकलेली होती आणि तिचं नाव निघालं की आई उठून कामाला लागे. बोलणं असे ते पायाखालच्या जमिनीबद्दल. बाबा लादी पॉलिशचं काम करत. घाटकोपर, मुलुंड, अंधेरीत तेव्हा जुने बंगले पाडून तीन-चार मजल्यांच्या सोसायट्या उभ्या राहत होत्या आणि घरोघर मोझॅकच्या लाद्या बसत होत्या. लादी बसली की तिच्यावर पाणी सोडून मशीनने घासायची, मग बारीक दगडाने, मग आणखी बारीक दगडाने, आणि कोपरे मात्र खाली बसून हाताने. संध्याकाळी बाबा घरी येत तेव्हा त्यांच्या पायांवर गुडघ्यापर्यंत लादीच्या भुकटीचा पांढरा रबडा वाळलेला असे. आई त्यांना उंबऱ्याबाहेरच थांबवून बालदीभर पाणी देई. मग ते आत येत आणि शेणाने सारवलेल्या जमिनीवर पाय पसरून बसत. असल्फ्याच्या टेकडीवरच्या आमच्या खोलीत शेवटपर्यंत लादी बसली नाही. लोकांच्या घरात तोंड दिसेल अशी लादी करणारा माणूस स्वतःच्या घरी शेणावर बसतो याचा मला लहानपणी भयंकर राग यायचा. एकदा मी तसं बोललेही. बाबा हसले. म्हणाले, "अगो, ही जमीन पाय धरून ठेवता. लादी ढकलून देता."

बाबांशी बोलायचं तर मध्ये मध्ये थांबावं लागे, कारण विमानतळ जवळ आणि विमान डोक्यावरून गेलं की पत्रे थरथरत. खालून साकीनाक्याच्या कारखान्यांचा आवाज दिवसभर यायचा, लेथ मशीनचा, पत्रा कापल्याचा. घरात स्टोव्हचा आवाज. रोजचं जेवण म्हणजे भात आणि कुळथाची पिठी, सोबत भाजलेला सुका बांगडा. रविवारी तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, मिळाल्या तर आईचा आवाजसुद्धा बदले. हे सगळं मी आता मायेने लिहिते आहे. तेव्हा मला त्या घरातून बाहेर पडायचं होतं, आणि बाहेर पडायची पहिली वाट कराटेने दाखवली.

कराटे शिकायला आईने परवानगी दिली ती हौस म्हणून नाही. शाळेतून येताना कारखान्यांच्या गल्लीतून यावं लागे आणि तिथली माणसं काय काय बोलत ते मी एकदा रडत रडत आईला सांगितलं होतं. त्याच आठवड्यात कदम सरांनी म्युनिसिपल शाळेच्या मैदानात वर्ग सुरू केला. सर गोदीत कारकून होते, फोर्टात कुठेतरी तीन-चार वर्षं कराटे शिकलेले, अंगाने किरकोळ, आवाज मात्र मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोचणारा. मुलींनाही शिकवणार म्हणाले तेव्हा चाळीत हसाहशी झाली. आई एवढंच म्हणाली, "जा गो. चार लाथा मारूक शीक." मांजरपाटाचं कापड आणून तिने हाताने माझा पांढरा पोशाख शिवला. तो इतका कडक होता की ठोसा मारला की बाही फाटकन वाजे, आणि सरांना वाटे माझा ठोसाच जोरात आहे.

तिथे मला ल्युसी भेटली. ती मरोळ गावठाणातली, तिचे वडील सकाळी भाजीचा मळा बघून मग कंपनीत कामाला जात. तिच्या घरी मराठीच बोलत, भिंतीवर येशूची तसबीर आणि दारात तुळस. सणाला तिची आई तळलेले गोल फुगे डब्यात घालून माझ्यासाठी पाठवायची आणि आमच्या घरी ते बाबा चहात बुडवून खायचे. ल्युसी माझ्याहून उंच, पाय लांब, आणि तोंडाने फटकळ. आम्ही दोघी मातीत घडलो. मातीत उभं राहायचं तर टाच रोवायची, पायाची बोटं जमिनीत खुपसायची आणि मागच्या पायाने स्वतःला पुढे लोटायचं. पावसाळ्यानंतर मैदान खडबडीत होई, उन्हाळ्यात भुसभुशीत, आणि आम्हाला त्याचं काहीच वाटत नसे.

दोन वर्षांनी सर एक पत्र घेऊन आले. मुलुंडच्या एका जिमखान्यात उपनगरांतल्या सगळ्या वर्गांच्या स्पर्धा होणार होत्या आणि पहिल्यांदाच मुलींचा गट होता. आम्ही नाचायला लागलो. सर मात्र गंभीर होते. "लाकडी फ्लोअर आहे," ते म्हणाले. "वार्निश केलेला. तुम्ही मातीसारखी टाच रोवलीत की गेलात. पडलेल्याला मारून समोरचा पॉइंट घेतो." अठरा मुलामुलींच्या त्या वर्गात लाकडी जमिनीवर पाय ठेवलेलं कोणीच नव्हतं.

मी घरी येऊन बाबांना सांगितलं. बाबा आधी जेवले. हात धुताना म्हणाले, "लाकूड माझ्याकडे नाय. पण गुळगुळीत होया असला तर ता मी देतंय." पुढच्या रविवारी सकाळी ते आम्हाला घाटकोपर पूर्वेला एका नव्या इमारतीत घेऊन गेले. रखवालदार त्यांच्या ओळखीचा. तिसऱ्या मजल्यावरचा मोठा फ्लॅट, खिडक्यांना अजून काचा नव्हत्या, आणि जमीन अशी चकचकीत की ल्युसी दारातच थबकली. "आई शप्पथ," ती म्हणाली, "ह्याच्यावर चालायचं तरी कसं?" पहिल्याच लाथेला ती पाठीवर आपटली. मग मी आपटले. मग वर्गातली सगळी पोरं पाळीपाळीने आपटली. सरसुद्धा एकदा घसरले आणि कोणी हसलं नाही.

दोन महिने दर रविवारी आम्ही तिथे गेलो. सरांनी आमचं उभं राहणं बदललं: दोन पायांतलं अंतर कमी, वजन टाचेवरून चवड्यावर, झेप घ्यायच्या ऐवजी पाय सरकवत पुढे जाणं. बाबा भिंतीला टेकून बघत असत. त्यांना कराटेतलं काही कळत नव्हतं, पण घसरण्यातलं सगळं कळत होतं. ते मध्येच सरांना, "सर, एक बोलू काय?" असं विचारत आणि मग सांगत की पाय आपटू नका, ठेवा, तळव्याला घाम आला की पुसा, धूळ असली तर आधी ओलं फडकं, मग कोरडं. ओल्या लादीवर ते आम्हाला मुद्दाम चालायला लावत. सर त्यांचं बोलणं वहीत टिपून घेत. माझ्या बाबांचं बोलणं कोणी लिहून घेताना मी आयुष्यात तेवढ्याच वेळी पाहिलं. शेवटच्या रविवारी ल्युसीने त्या लादीवर पूर्ण गिरकी घेऊन लाथ मारली आणि जाग्यावर उभी राहिली. बाबांनी टाळी वाजवली. आम्हाला वाटलं, झालं, आता मुलुंडचं लाकूड आलं काय आणि काचेची जमीन आली काय.

स्पर्धेच्या दिवशी, परीक्षा संपल्यानंतरच्या कडक उन्हाळ्यात, आम्ही बसने मुलुंडला गेलो. बाबांनी काम बुडवलं होतं, धुतलेला सदरा घातला होता. जिमखान्याच्या हॉलच्या दारातून मी तो फ्लोअर पाहिला. मधासारखा रंग, वर पंखे, दोन चौकटी पांढऱ्या पट्ट्यांनी आखलेल्या. तेवढ्यात छातीला बिल्ला लावलेला एक माणूस यादी घेऊन आला आणि म्हणाला, "मुली? मुली मागे. मागच्या अंगणात."

मागचं अंगण म्हणजे लग्नकार्याला आचारी चुली मांडत ती जागा. ओबडधोबड सिमेंट, कुठे तेलाचे डाग, कुठे खडी वर आलेली, आणि त्यावर चुन्याने चौकट मारलेली. वर मांडव नाही, कापड नाही. अकरा वाजले होते. आम्ही निरनिराळ्या वर्गांतल्या नऊ मुली चपला काढून भिंतीच्या हातभर सावलीत उभ्या राहिलो, एका पायावरून दुसऱ्या पायावर. सर धावत आत गेले आणि मान खाली घालून परत आले. "इथेच खेळायचं आहे," ते म्हणाले. "ऐका. इथे पाय सरकवू नका, सोलून निघेल. वळताना पाय उचलून वळा." एवढंच. दोन महिन्यांत जे शिकवलं ते पाच मिनिटांत विसरा म्हणून सांगत होते, आणि सांगताना आमच्याकडे बघत नव्हते.

पहिली मॅच ल्युसीची. तिने सरांचं ऐकायचा प्रयत्न केला, पण अंगात मुरलेलं असं उतरत नाही. दुसऱ्याच हल्ल्याला तिने चवड्यावर गिरकी घेतली आणि मी तिच्या तोंडावरून ओळखलं की काहीतरी झालं. ती तरीही खेळली. जिंकली. भिंतीशी येऊन बसली आणि तिने पाय वळवून दाखवला. चवड्याची कातडी रुपयाएवढी सोलून लोंबत होती आणि खाली लालभडक मांस. दुसऱ्या पायाला भाजून फोड आले होते. "चटके बसतायत यार शैला," ती म्हणाली आणि रडायला लागली. ल्युसी रडत नसे. पंच म्हणाला, "रडायचं असेल तर घरी जायचं. कराटे आहे हे."

आज या वाक्याला पंचेचाळीस वर्षं झाली. मी नातवंडांना सांगते, माफ करायला शिका. पण त्या पंचाला मी माफ केलेलं नाही आणि करणारही नाही.

मी हॉलमध्ये गेले. तिथे एका चौकटीत मुलांची मॅच चालू होती. दुसरी रिकामी होती. रिकामी! तिच्या कडेला खुर्च्या टाकून तीन माणसं चहा पीत होती. मधला सफारी सूट घातलेला माणूस सेक्रेटरी होता. मी विचारलं, "सर, ही चौकट रिकामी आहे तर मुली बाहेर का खेळतायत?"

त्याने कप खाली ठेवला. फार गोड आवाजात बोलला. "बाळ, हा फ्लोअर मुलींना झेपणार नाही. सकाळपासून आमचे दोन मुलगे घसरलेत. तुम्ही मातीत शिकता ना? पडलात, हातपाय मोडले, उद्या लग्नाच्या वेळी आईबाप आम्हाला विचारतील. तुमच्या भल्यासाठीच बाहेर ठेवलंय."

"आम्ही दोन महिने लादीवर सराव केलाय," मी म्हणाले. "आम्ही नाही पडणार. आणि बाहेर ल्युसीचा पाय सोलून निघालाय."

"पाहिलंस? सिमेंटवर ही गत, तर इथे काय होईल?" असं म्हणून तो बाकीच्या दोघांकडे बघून हसला.

मी काही ठरवलं नव्हतं. लोक मला पुढे विचारत, तुला हे सुचलं कसं? सुचलं नव्हतं. मला एवढंच वाटलं की ह्या माणसाच्या पुढे मी आता आणखी एक शब्द बोलले तर रडेन. म्हणून मी रिकाम्या चौकटीत गेले आणि मधोमध मांडी घालून बसले. लाकूड थंडगार होतं. ते थंड लागलं आणि मला जास्तच संताप आला.

"ए मुली, ऊठ," तो म्हणाला. मी उठले नाही. मागच्या दारातून ल्युसी लंगडत आली, तिच्यामागे बाकीच्या मुली. त्यातल्या अर्ध्या जणींची नावंही मला माहीत नव्हती. एकेक करून त्या माझ्या बाजूला बसल्या. शेजारच्या चौकटीतली मॅच थांबली. गॅलरीतून शिट्ट्या आल्या. कोणीतरी ओरडलं, "घरी भाकऱ्या भाजा!" आणि एका मुलाची आई उभी राहून त्याला म्हणाली, "तू गप रे! बरोबर आहे पोरींचं." सेक्रेटरीने वॉचमनला हाक मारली. कदम सर दाराशी उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते पुढे आले नाहीत.

पुढे आले ते बाबा. त्यांनी चौकटीच्या बाहेर चपला काढल्या, खाली वाकले, लाकडावर अंगठा फिरवला आणि अंगठा सेक्रेटरीला दाखवला. "साहेब, लाकूड चांगला असा. ही वरची पावडर घसरवता. काल हय नाच होतो काय?" आदल्या दिवशी जिमखान्यात नाचाचा कार्यक्रम झाला होता आणि पाय सरकावेत म्हणून फ्लोअरवर पावडर टाकली होती. पुसायचं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. बाबा म्हणाले, "बालदी आणि दोन फडकी द्या. मी पुसून देतंय. मग कोण पडूचा नाय, मुलगो नाय नि चेडूपण नाय."

आणि त्या माणसाने बालदी आणवली. माझे बाबा, सुट्टी घेऊन, धुतलेला सदरा घालून माझा खेळ बघायला आलेले, गुडघ्यांवर बसले आणि शंभर-दीडशे माणसांसमोर त्यांनी तो अख्खा हॉल पुसला. दोन्ही चौकटी. आधी ओलं, मग कोरडं. सेक्रेटरीने पाय उचलून खुर्चीच्या दांडीवर ठेवले, बाबांना खालून पुसता यावं म्हणून. मी मध्ये बसून हे बघत होते. मला ओरडून सांगायचं होतं की बाबा, उठा. पण ते उठले असते तर आम्ही हरलो असतो, हेही मला कळत होतं.

फ्लोअर पुसून झाला आणि सेक्रेटरीकडे कारण उरलं नाही. मुलांच्या मॅचेस संपल्यावर मुलींच्या मॅचेस आत घेतल्या. तोवर गॅलरी रिकामी झाली होती. ल्युसी पायांना चिंध्या बांधून खेळली, फायनलपर्यंत गेली आणि एका पॉइंटने हरली. एकही मुलगी घसरून पडली नाही. मला खेळू दिलं नाही. बेशिस्त म्हणून माझं नाव यादीतून खोडलं होतं. बक्षीस देताना सेक्रेटरी माइकवर म्हणाला, "यंदा आमच्या जिमखान्याने मुलींनाही लाकडी फ्लोअर दिला, याचा आम्हाला अभिमान आहे." ल्युसी पदक गळ्यात घालून घेत होती. माइक जवळच होता, म्हणून तिचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. "दिला कुठे? शैलाच्या बाबांनी पुसून घेतला."

आठवड्याने सर घरी आले. मी लेखी माफी मागितली नाही तर आमच्या वर्गाला पुढच्या वर्षी प्रवेश नाही, असं स्पर्धा भरवणाऱ्या संघटनेचं पत्र त्यांच्या हातात होतं. आई म्हणाली, "एक कागद तो. लिही आणि मोकळी हो. सरांका कित्याक त्रास?" बाबांनी मला पत्र मोठ्याने वाचायला सांगितलं. पत्रात लिहिलं होतं की मी अधिकाऱ्यांना शिवीगाळ केली. बाबांनी विचारलं, "शिवी दिलंस?" मी नाही म्हटलं. "मग कसली माफी?" म्हणाले आणि जेवायला बसले. सरांनी चहा अर्धा टाकला. जाताना म्हणाले, "बघतो मी काय ते."

त्यांनी काय पाहिलं ते मला वर्षाने कळलं. स्पर्धा अंधेरीला होती. मी वर्षभर सराव केला होता, कारण सरांनी सांगितलं होतं की प्रकरण मिटलं. टेबलावरच्या माणसाने माझं नाव शोधलं, फाइल उघडली आणि म्हणाला, "हां, तुझा माफीनामा आहे. ठीक. आत जा."

"कुठे आहे? बघू," मी म्हणाले.

तो कागद माझ्यासमोर आहे असा मला अजून दिसतो. 'माझ्या अज्ञानामुळे व वडिलांच्या चिथावणीमुळे माझ्या हातून गैरवर्तन घडले.' खाली माझं नाव, माझी म्हणून सही. अक्षर कदम सरांचं. याच अक्षरात ते आमच्या बेल्टची सर्टिफिकेटं भरत. माझ्या नावाने माफी मागितली असती तर कदाचित मी गिळलंही असतं. पण 'वडिलांच्या चिथावणीमुळे'! ज्या माणसाचं बोलणं त्यांनी वहीत टिपून घेतलं होतं, ज्याने त्यांच्या वर्गासाठी गुडघ्यांवर बसून हॉल पुसला होता.

मी त्या माणसाचं पेन घेतलं आणि कागदाच्या खाली लिहिलं, 'हे मी लिहिलेले नाही. माझ्या वडिलांनी कोणालाही चिथावले नाही.' आणि माझी खरी सही केली.

"मग तुला खेळता येणार नाही," तो म्हणाला.

"माहीत आहे."

ल्युसी मागे उभी होती. तिने कागद वाचला आणि कमरेचा पट्टा सोडायला लागली. मी तिचा हात धरला. "तू खेळ," मी म्हणाले. "दोघींनी सोडलं तर त्यांचंच फावेल." ती खेळली, आणि त्या वर्षी जिंकली.

तिची मॅच सुरू व्हायच्या आधी मी बाकावर बसले होते. सर येऊन शेजारी बसले. त्यांना कळलं होतं. गुडघे चोळत म्हणाले, "शैला, माझ्यापुढे अठरा मुलं होती गं. मी त्या अठरांचा विचार केला."

"सर," मी विचारलं, "त्या अठरांत मी होते का?"

सर पुन्हा गुडघे चोळायला लागले. मी थोडी थांबले. खरोखर थांबले, कारण काहीही बोलले असते तरी मला चाललं असतं. माइकवरून ल्युसीचं नाव पुकारलं. मी त्यांच्या शेजारून उठले आणि पुढच्या रांगेत जाऊन बसले.